स्वतःच्या उत्तराचा ताळा

आठवीच्या वर्गात वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवत होते. व्यास 14 सेंटिमीटर, क्षेत्रफळ काढा, एवढं साधं गणित फळ्यावर दिलं आणि बाकांमधून फिरू लागले. एका मुलीने त्रिज्या 7 घेतली होती, 49 ला 22 ने गुणून 7 ने भागलं होतं, उत्तर 154 चौरस सेंटिमीटर. अगदी बरोबर. पुढचे दोन बाक बघून परत आले, तर त्याच जागी 616 लिहिलेलं. वहीवर खोडरबराच्या काळपट वळ्या पडल्या होत्या आणि 616 च्या खालून 154 चा ठसा पुसट दिसत होता. तिच्या आजूबाजूच्या तीन मैत्रिणींनी व्यासालाच त्रिज्या धरलं होतं. तिघींचं उत्तर 616.

"का गं खोडलंस?"

"मॅडम, तिघींचं सेम आलं ना. म्हटलं माझंच चुकलं असेल."

तिला रीत येत होती, आकडेमोड येत होती. जे नव्हतं त्याला आपण आत्मविश्वास म्हणतो. "स्वतःवर विश्वास ठेव" हा सल्ला आपल्याकडे उठता-बसता दिला जातो, पण तो ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे सहसा कोणी सांगत नाही. आणि नुसता सल्ला धोक्याचाही आहे. समजा, मी तिला फक्त "ठेव विश्वास" म्हणाले असते आणि पुढच्या खेपेला तिचंच उत्तर 616 आलं असतं, बाकीच्यांचं 154, तर? तेव्हाही ती आपल्या उत्तराला चिकटून बसली असती. त्याला विश्वास नाही, हट्ट म्हणतात.

विश्वास आणि हट्ट यांच्यामध्ये एक जुना, साधा शब्द आहे: ताळा. गणित झालं की उलट्या वाटेने जाऊन उत्तर पडताळायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की स्वतःवरचा विश्वास हा ताळा करण्याच्या सवयीतून येतो. ती सवय नसेल तर घोषणा कितीही द्या, तीन जणांचं उत्तर वेगळं आलं की हात खोडरबराकडे जातोच.

हे माझ्या वर्गापुरतं नाही. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात अमेरिकेत याचाच प्रयोग केला. ॲश यांचा जन्म 1907 साली वॉर्सात झाला, मुलगा असतानाच ते कुटुंबासोबत अमेरिकेत आले. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सात-आठ जणांच्या गटात बसवलं. समोर दोन कार्डं. एकावर एक उभी रेघ, दुसऱ्यावर कमी-जास्त उंचीच्या तीन रेघा. पहिल्या रेघेएवढी रेघ तिन्हींपैकी कोणती, ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. रेघांमधला फरक इतका ठळक की लहान मुलानेही चुकू नये. एकट्याला विचारलं तर शंभरात एखादं उत्तरही चुकत नव्हतं.

मेख अशी होती की त्या गटात खरा पाहुणा एकच. बाकीचे सगळे आधी ठरवून आलेले, आणि ठरलेल्या फेऱ्यांमध्ये ते सगळे एकसुरात चुकीचं उत्तर देत. खऱ्या पाहुण्याची पाळी शेवटाकडे येईल अशी बसण्याची रचना. म्हणजे त्याच्या कानावर पाच-सहा जणांचं एकच चुकीचं उत्तर पडलेलं असायचं आणि डोळ्यांसमोर बरोबर रेघ असायची.

अशा फेऱ्यांमध्ये एकतृतीयांशाहून जास्त उत्तरं गटासारखी चुकीची आली. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी गटाची री ओढली. एक चतुर्थांश लोक मात्र शेवटपर्यंत डोळ्यांना दिसलं तेच सांगत राहिले.

आकड्यांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं बोलणं. ॲश प्रत्येकाशी बसून बोलले. अगदी थोड्यांनी सांगितलं की आम्हाला रेघ खरंच तशी दिसली. काहींना आपलं बरोबर आहे हे ठाऊक होतं, पण चारचौघांत वेगळं पडायचं नव्हतं. आणि बऱ्याच जणांचं म्हणणं तेच होतं, जे माझ्या वर्गातली मुलगी बोलली: इतके जण सांगताहेत म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार. म्हणजे डोळा चुकलेला नव्हता, डोळ्यावरचा भरवसा उडाला होता.

आता ठाम राहिलेल्यांबद्दल. आपल्याला वाटतं, त्यांच्या मनात शंका आलीच नसेल. तसं नव्हतं. शंका त्यांनाही आली, काही जण अस्वस्थही झाले. त्यांचं वेगळेपण ॲश यांना दिसलं ते असं, की शंका आल्यावर ते त्यातून सावरून पुन्हा आपल्या पायावर उभे राहू शकत होते. हे मी मुलांना मुद्दाम सांगते. पोटात गोळा येणं म्हणजे आत्मविश्वास नसणं नव्हे. गोळा आल्यावर पुन्हा कार्डाकडे बघता येतं का, एवढाच प्रश्न आहे.

ॲश यांनी गटातल्या माणसांची संख्याही बदलून पाहिली. विरोधात एकच जण असला तर लोक जवळपास डगमगत नाहीत. दोन असले तर थोडे. तीन झाले की दबाव जवळजवळ पूर्ण भरतो, त्यापुढे माणसं वाढवून फारसा फरक पडत नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या आजूबाजूलाही तिघीच होत्या. आपल्या आयुष्यात हे तिघं कोण असतात ते आठवून बघा: एक काका, एक शेजारी, एक ऑफिसमधला ज्येष्ठ सहकारी. तिघांनी "अरे, सायन्सच घे" किंवा "या वयात कुठे नवं शिकतोस" म्हटलं की आपल्याला सगळं जग तेच म्हणतंय असं वाटतं.

याच प्रयोगाची एक बाजू दिलासा देणारी आहे. गटात एक जरी माणूस खरं उत्तर देणारा ठेवला, तरी री ओढण्याचं प्रमाण पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याएवढं खाली येतं. एकच माणूस पुरतो. तो सोबती मध्येच बहुमताकडे गेला, की चुका पुन्हा पहिल्यासारख्या वाढतात. घरात मूल काही वेगळं बोलू पाहत असेल तर आई-बाप, आजी, मोठी बहीण यांच्यापैकी कोणीतरी एकाने "थांबा, तिचं ऐकून तर घेऊ" म्हणणं किती मोलाचं आहे, हे यावरून कळेल.

पण हे झालं प्रयोगशाळेतलं, तिथे खरं उत्तर आधीच ठरलेलं असतं. जगण्यात खरं उत्तर कोणालाच माहीत नसतं. मग स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा कसा? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण किराणा दुकानात मिळतं. एचएमटी तांदूळ तुम्ही कधीतरी घेतलाच असेल. तो ज्यांनी शोधला ते दादाजी रामाजी खोब्रागडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. मराठवाड्यातलं नांदेड वेगळं, हे छोटं खेडं. शाळा तिसरीपर्यंत. जमीन जेमतेम दीड एकर.

1983 साली त्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, 'पटेल-3' जातीचं धान उभं होतं. त्यात त्यांना तीन लोंबा वेगळ्या दिसल्या, पिवळसर झाक असलेल्या. धानाच्या बांधीत कापणीच्या आधी उभं राहून पाहिलं असेल तर लक्षात येईल की तीन लोंबा म्हणजे काय. हजारो लोंबा वाऱ्यावर हलत असतात, त्यात एखादी वेगळी असली तर भेसळ म्हणून उपटून टाकतात, नाहीतर सगळ्यांसोबत कापून खळ्यावर नेतात. दादाजींनी त्या तीन लोंबा वेगळ्या काढून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या.

पुढच्या हंगामात त्यांनी ते दाणे बांधीच्या मधोमध, दोन-चार फुटांच्या तुकड्यात लावले आणि जनावरांपासून वाचावेत म्हणून काटेरी कुंपण घातलं. त्यातून आलेल्या धानातून पुन्हा निवड, पुन्हा वेगळी लावणी. असं वर्षानुवर्षं. दाणा बारीक निघत होता, उतारा चांगला पडत होता, आणि दर हंगामाला तीच गोष्ट पुन्हा दिसत होती.

ही पद्धत चालली त्याला कारण आहे. भाताचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं, शेजारच्या झाडाचा पराग फारसा लागत नाही. त्यामुळे एखाद्या झाडात वेगळा गुण आला की तो पुढच्या पिढीत बऱ्यापैकी तसाच उतरतो. शेतीशास्त्रात याला निवड पद्धत म्हणतात. दादाजींकडे ते पुस्तकी नाव असो-नसो, त्यांच्याकडे पद्धत होती: वेगळं काढ, वेगळं लाव, मूळ धानाशी तोलून बघ, खरं वाटलं तर पुन्हा लाव. हाच तो ताळा. त्यांनी "माझंच वाण सगळ्यात चांगलं" म्हणून पहिल्याच वर्षी दीड एकरभर लावलं नाही. तीन लोंबांवर कुटुंबाचं पोट टांगलं नाही. नुकसान झालं तर दोन-चार फुटांचं व्हावं, शिकायला मात्र पूर्ण मिळावं, अशा मापाने त्यांनी स्वतःवर विश्वास टाकला. स्वतंत्र विचार करायला छाती लागते असं म्हणतात. माझ्या मते त्याआधी लागतो तो एवढासा तुकडा, जिथे आपण चुकलो तरी घर चालू राहील.

1990 च्या सुमारास दुसऱ्या एका शेतकऱ्याने त्यांच्याकडून बियाणं नेऊन चार एकरांत लावलं. ते धान तळोधीच्या बाजारात आलं तेव्हा वाणाला नाव नव्हतं. व्यापाऱ्याने त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचं नाव त्याला देऊन टाकलं, एचएमटी. पुढे ते बियाणं विदर्भाबाहेर, परराज्यांत गेलं. दादाजींनी नंतर 'नांदेड हिरा', 'नांदेड चिन्नोर', 'डीआरके' अशी आणखीही वाणं काढली. 2005 साली राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. 2010 साली 'फोर्ब्स'ने ग्रामीण भारतातल्या प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतलं. जून 2018 मध्ये ते गेले.

इथे हेही सांगायला हवं की पैशाच्या मापाने ते यशस्वी झाले नाहीत. इतक्या दूरवर पसरलेल्या वाणाचा माणूस शेवटपर्यंत हलाखीत राहिला. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण आणलं त्यावरून श्रेयाचा वादही झाला. शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवण्याचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे 2001 साली आला, तोवर एचएमटी कुठच्या कुठे पोचलं होतं. स्वतःवर विश्वास ठेवला की सगळं आपोआप मिळतं असं सांगणाऱ्यांनी हे आयुष्य नीट वाचावं. डोळ्यांवरच्या भरवशाने शोध लागतो. त्याचा मोबदला मिळायला कायदा, नोंदणी, न्याय्य व्यवहार लागतो, आणि ते एकट्या माणसाच्या हातात नसतं. याचं मला मनापासून दुःख आहे.

आता प्रश्न उरतो तो भरवसा येतो कुठून याचा. यावर सगळ्यात मुळापासून काम केलं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी. जन्म 1925, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातलं मंडेर नावाचं छोटं गाव, हायस्कूलला अवघे दोन शिक्षक, त्यामुळे बरंचसं मुलांनी आपलं आपणच शिकायचं. पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी सापाची विलक्षण भीती असलेल्या लोकांवर काम केलं. ही माणसं बागेतसुद्धा जायला धजत नसत. बांडुरांनी त्यांना समजावत बसण्याऐवजी पायऱ्या केल्या. आधी काचेपलीकडून दुसऱ्याला साप हाताळताना बघायचं. मग दारात उभं राहायचं. मग हातमोजे घालून बोट लावायचं. मग उघड्या हाताने. भीती गेली, तीही थोड्या वेळात. पण बांडुरांचं कुतूहल वेगळ्याच गोष्टीने चाळवलं. ही माणसं सांगू लागली की सापाचं सोडा, आता आम्हाला इतर अडचणींनाही तोंड देता येईल असं वाटतंय.

1977 साली त्यांनी यावर आपली मांडणी छापली आणि या भरवशाला 'सेल्फ-एफिकसी' म्हटलं. सोप्या मराठीत, "हे काम मला जमेल" हा अंदाज. तो स्वाभिमानापेक्षा वेगळा. मला पोहता येत नाही, पण म्हणून मी स्वतःला कमी लेखत नाही. आणि तो कामागणिक वेगळा असतो. शंभर माणसांचा स्वयंपाक डोळे मिटून करणारी बाई बँकेचा फॉर्म भरताना चाचरते, आणि सगळे म्हणतात हिला आत्मविश्वास नाही. आहे की! फक्त त्या कामाचा अनुभव नाही.

बांडुरांच्या मते हा अंदाज चार झऱ्यांवर पोसतो. सगळ्यात मोठा झरा म्हणजे स्वतः करून जमलेलं काम. तेही सहज जमलेलं नव्हे. सगळं सोपंच मिळत गेलं तर पहिल्या ठेचेला माणूस खचतो, थोडं अडून मग जमलेलं काम जास्त टिकाऊ भरवसा देतं. दुसरा, आपल्यासारख्याच कोणालातरी ते जमताना बघणं. 'आपल्यासारखा' हे महत्त्वाचं. माझ्या वर्गातल्या मुलांना दूरच्या थोर शास्त्रज्ञापेक्षा त्यांच्याच गल्लीतली, त्यांच्याच शाळेतून शिकून इंजिनिअर झालेली ताई जास्त बळ देते. तिसरा, दुसऱ्याने दिलेला धीर. हा दुबळा झरा आहे. शाबासकीने माणूस कामाला लागतो, पण काम फसलं की शाबासकी विरून जाते. चौथा, शरीराची अवस्था. परीक्षेआधी छाती धडधडते. एक मुलगा म्हणतो "मला येत नाहीये", दुसरा म्हणतो "अंगात जोर आलाय". धडधड एकच, वाचणं वेगळं.

आपल्याकडची बहुतेक प्रेरणादायी व्याख्यानं तिसऱ्या झऱ्यावरच सगळा भार टाकतात. दोन तास टाळ्या, घोषणा, डोळ्यांत पाणी, आणि सोमवारी सकाळी तोच डोंगर तिथेच. ज्याला व्याख्यानाला पाचशे रुपये खर्चायचे आहेत त्याने त्याऐवजी स्वतःचा दोन फुटांचा तुकडा आखावा असं मला कळकळीने वाटतं. बोलायची भीती वाटते? मग सभेत भाषण करायला जाऊ नका. या आठवड्यात बैठकीत एकच प्रश्न विचारा. पुढच्या आठवड्यात प्रश्न आणि स्वतःचं एक वाक्य.

स्वतंत्र विचार म्हणजे कोणालाच न विचारणं, असा एक गैरसमज तरुण मुलांमध्ये हल्ली फार दिसतो. विचारावं, जरूर विचारावं. फक्त क्रम सांभाळावा. 1906 साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं कापून-सोलून वजन किती भरेल याचा अंदाज बांधायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने नंतर त्या 787 चिठ्ठ्या तपासल्या. सगळे अंदाज चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला निघाला 1207 पौंड, आणि खरं वजन होतं 1198 पौंड. इतक्या माणसांचा मिळून अंदाज एवढा अचूक येऊ शकला, कारण प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर आपला आकडा लिहिला होता. कोणी खाटीक, कोणी शेतकरी, कोणी नुसता जत्रेला आलेला. पहिल्याने मोठ्याने आकडा सांगितला असता आणि बाकीच्यांनी त्याच्याच आसपास सांगितले असते, तर 787 मतं असूनही खरं मत एकच उरलं असतं. ॲश यांनाही हेच दिसलं: गटाची उत्तरं ऐकूनही पाहुण्याला आपलं उत्तर कागदावर गुपचूप लिहू दिलं, की तो फार कमी वेळा डगमगतो.

म्हणून माझ्या वर्गात आता एक रीत आहे. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने. पहिल्यात आपलं उत्तर, पेनने. दुसऱ्यात खात्री किती, दहापैकी. हे लिहून होईपर्यंत शेजारी बघायचं नाही. त्यानंतर खुशाल विचारा, वाद घाला. तिसऱ्या रकान्यात ताळा: दुसऱ्या रीतीने उत्तर काढून काय आलं. उत्तर बदलायचं असेल तर "तिघींचं वेगळं आलं" हे कारण चालत नाही, "मी त्रिज्येऐवजी व्यास घेतला" हे चालतं. समोरच्याचं उत्तर बरोबर निघालं तर ते मोकळेपणाने घ्यायचं. ज्याने आपला अंदाज आधी लिहून ठेवला, त्यालाच आपण नेमके कुठे चुकलो ते सापडतं.

मधला रकाना मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. काही मुलं सगळीकडे 10 लिहितात आणि निम्मी उत्तरं चुकतात. काही जण 3 लिहितात आणि त्यांची जवळजवळ सगळी बरोबर येतात. दोघांनाही आपलं पान महिन्याने परत वाचायला दिलं की मला काही बोलावं लागत नाही. पहिला थोडा सावध होतो, दुसरा थोडा सरळ बसतो.

मोठ्यांनाही हे पान चालतं. जमिनीचा व्यवहार, नोकरी बदलणं, मुलीचा प्रवेश. नातेवाइकांचे फोन सुरू व्हायच्या आधी एका कागदावर तारीख टाकून लिहावं: मला काय वाटतं, का वाटतं, आणि काय घडलं तर मी माझं मत बदलेन. ही शेवटची ओळ जड जाते. ती लिहिता आली नाही तर समजावं की आपण विचार करत नसून हट्ट धरला आहे. सहा महिन्यांनी कागद काढून बघावा.

त्या मुलीचं शेवटचं पान मी परवा पाहिलं. पहिल्या ओळीत 154 आहे, खात्रीच्या रकान्यात 2. खाली येता येता 5, 4, 7. मध्ये दोन उत्तरं साफ चुकली आहेत, एकाला तर तिने 9 खात्री दिली होती. त्यांच्यासमोर ताळ्याच्या रकान्यात तिच्या बारीक अक्षरात काय चुकलं ते लिहिलं आहे. चुकलेली उत्तरंही तिने खोडलेली नाहीत.